उन्हाया (अहिराणीत उन्हाळा) : एका ब्लॅक मेटल अल्बमच्या कामाची वही

१९ नोव्हेंबर २०२३, भुसावळ

वर्ल्ड कपची फायनल हरलो. गल्लीतल्या पोरांनी आणून ठेवलेले फटाके तसेच राहिले. साडेनऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मायक्रोफोन लावला आणि मोबाईलमध्ये पडून असलेले सगळे रिफ, म्हणजे गिटारचे छोटे तुकडे, सलग वाजवून घेतले. आठ-नऊ कामाचे आहेत. बाकीचे विसरलेले बरे.

माणसं ठरली. ड्रमला शिरपूरचा मित्र. गळा मास्तरांचा, ते साक्री तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहेत, अहिराणीत कविता लिहितात आणि वर्गात कधीही आवाज चढवत नाहीत असं त्यांचं म्हणणं. गिटार, बेस आणि मिक्सिंग माझ्याकडे.

ही वही पुढे इतरांनाही दाखवायची आहे, म्हणून थोडं मागचं. ब्लॅक मेटल हे नाव इंग्लंडच्या व्हेनम बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून पडलं, पण आज त्या नावाने जो आवाज ओळखतात तो घडला नॉर्वेत, १९९० नंतरच्या तीन-चार वर्षांत. गिटारवर पिक अखंड वर-खाली चालवत ठेवायचा, त्याला ट्रेमोलो म्हणतात. ड्रमवर ब्लास्ट बीट, म्हणजे किक आणि स्नेअरचा न थांबणारा मारा. गाण्यात शब्दांपेक्षा किंकाळी जास्त. रेकॉर्डिंग मुद्दाम पातळ आणि खरखरीत. त्याच मंडळींपैकी काहींनी चर्च जाळली, खून केले, पुढे काहींनी वंशवादाचे झेंडे हातात घेतले. त्यातलं आम्हाला काहीही नको. ज्यांच्या वाड्या-पाड्यांवर जाऊन आम्ही वाजवणार, त्यांना या लोकांनी दारात उभं केलं नसतं.

लोकसंगीत मिसळणंही नवीन नाही. नॉर्वेच्याच उल्व्हरने १९९५ च्या पहिल्या अल्बममध्ये किंकाळीच्या शेजारी साधं गाणं आणि बासरी बसवली. अमेरिकेत पॅनॉप्टिकॉन नावाने एकटा माणूस सगळं वाजवतो. त्याने २०१२ मध्ये केंटकीच्या कोळसा खाणकामगारांवर अल्बम केला, त्यात बँजो आहे, फिडल आहे. या दोन्ही ठिकाणी मिश्रण मुरलेलं आहे. बाकी बहुतेकांकडे लोकवाद्य फोडणीसारखं वरून पडतं: सुरुवातीला अर्धा मिनिट बासरी, मग नेहमीचा गोंधळ, शेवटी पुन्हा बासरी.

म्हणून एकच अट लिहून ठेवली आणि तिघांनी मान्य केली. लोकवाद्य आधी रेकॉर्ड करायचं. सूर त्याचा, लय त्याची. जुळवून घ्यायचं ते गिटारने.

३ डिसेंबर २०२३, पिंपळनेरच्या पश्चिमेला

मास्तरांनी थाळीवाल्या बाबांकडे नेलं. कोकणा आदिवासींची वस्ती, डांगची हद्द जवळ. बाबांनी आतून काशाची थाळी आणली. थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली काडी. काडी बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढायची, एक हात संपला की दुसरा. काडी थरथरते, मेणातून ते थाळीत उतरतं आणि थाळी घुमायला लागते. तंबोऱ्यात निदान तारा वेगवेगळ्या ऐकू येतात; इथे सुरुवात-शेवट काही सापडत नाही. या घुमण्यावर रात्र-रात्र कथा सांगतात.

मी वीस वर्षं ट्रेमोलो वाजवून जे गाठायला बघतोय ते बाबांनी बसल्या जागी, एका काडीवर केलं.

मग अटी. बाबा स्पष्ट बोलले, आम्हालाही तेच हवं होतं. कथा रेकॉर्ड होणार नाही; ती तिच्या वेळेला आणि तिच्या माणसांपुढेच सांगायची असते. नुसती घूम घ्या, हरकत नाही. पुढच्या आठवड्यात मार्गशीर्ष लागतोय, डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालू होईल, त्यात कोणी मशीन घेऊन फिरकायचं नाही. बाबांचा पुतण्या पावरी, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवतो. तोही देवाच्या चाली देणार नाही, नाचाच्या देईल. पैसे किती, तेही तिथेच बोलून झालं: दोघांना मोबदला आधी, आणि अल्बम विकला गेला तर आमच्याइतकाच वाटा.

परत येताना ड्रमर म्हणाला, ‘‘मास्तर, कथा मिळाली असती तर अल्बम वेगळाच झाला असता.’’

मास्तर म्हणाले, ‘‘झाला असता. आपला झाला नसता.’’

७ जानेवारी २०२४, तिथेच

अंगणात रेकॉर्डिंग. थाळीला कंडेन्सर माईक हातभर अंतरावर, खाली गोधडी. पावरीला साधा डायनॅमिक माईक, कारण ती जवळून भयंकर मोठी वाजते. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग असं हे वाद्य. पुतण्या गाल फुगवून श्वास न तोडता वाजवतो. कोंबड्या हाकलून हाकलून थकलो, शेवटी राहू दिल्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि पातळी इतकी खाली ठेवली की पावरीची अचानक उसळी फाटू नये.

मोजमाप : थाळीचा मुख्य सूर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध, पांढरी चारच्या चाळीसेक सेंट वर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पावरीचा षड्ज तिथून जवळ. पण पावरीचा गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही. बरोबर मध्ये बसतो आणि तिथून हलत नाही. पुतण्याला पेटीवर दोन्ही गंधार वाजवून दाखवले, तो म्हणाला, दोन्ही खोटे आहेत.

१४ जानेवारी २०२४

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गिटार उतरवून बसलो. पाचवी तार थाळीच्या सुराला आणायची तर सगळी गिटार अर्ध्या सुराच्या साडेतीन पायऱ्यांहून थोडी जास्तच खाली जाते. नेहमीच्या तारा लोंबकळायला लागल्या. जाड संच मागवला. ट्यूनर बंद करून थाळीचं रेकॉर्डिंग कानाला लावलं आणि त्यावर जुळवलं. मग बेस.

आता खरी अडचण गंधाराची. ब्लॅक मेटलचा उदास रंग बहुतेक येतो मायनर कॉर्डमधून, म्हणजे कोमल गंधारातून. गिटारच्या पट्ट्या ठोकलेल्या. पुतण्याचा गंधार त्यांच्यात कुठेच नाही. माझा कोमल गंधार आणि त्याचा गंधार एका वेळी वाजले की कान दुखतो. रेकॉर्डिंगमध्ये पावरीचा सूर संगणकावर ओढून सरळ करता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. तसं करायचं असतं तर पिंपळनेरला कशाला गेलो असतो?

मग गिटारमधून गंधारच काढून टाकला. पहिल्या दोन गाण्यांत गिटार षड्ज, रिषभ, पंचम आणि कोमल निषादावर फिरते. गंधाराची जागा मोकळी, ती पावरीची. वाजवून बघितलं तेव्हा आधी फार कोरडं वाटलं. तासाभराने लक्षात आलं की उदास नाहीये म्हणूनच बरं वाटतंय. त्यात जास्त करून दडपण आहे. माझे अर्धे जुने रिफ यामुळे बाद झाले, त्यातल्या दोघांचं वाईट वाटतंय.

४ फेब्रुवारी २०२४, शिरपूर

ढोल. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आदिवासी वस्तीतले दोघे भाऊ आले. जागा : कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग. पत्र्याचं उंच छप्पर, रिकामं गोदाम, भिंतींना अजून सरकी आणि रुईचा वास. टाळी वाजवली की तीन सेकंद घुमत राहते. रखवालदाराने आत डोकावून विचारलं, ‘‘भो, हाई जिन शे. आठे बाजा कसाले?’’ (भाऊ, हे जिन आहे. इथे बाजा कशाला?) पण ढोल सुरू झाल्यावर खुर्ची आणून बसला.

क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायला कानात टिकटिक, दिला नाही. भावांची लय एका जागी राहतच नाही. सावकाश सुरू होते आणि नाचणारे तापतील तशी चढते. रात्रभराची चढण त्यांनी आमच्यासाठी बारा-तेरा मिनिटांत आणली. घरी येऊन रेकॉर्डिंगवर प्रत्येक ठोक्याची खूण करत गेलो आणि प्रकल्पाचा वेग त्या खुणांना बांधला. आता संगणकाचा मेट्रोनोमच ढोलामागे धावतो.

ब्लास्ट बीट बसेल का, ही ड्रमरची काळजी होती. हिशेब असा : ढोलाची चाल सहाची, म्हणजे मोठा ठोका आणि त्याच्या पोटात तीन. मोठे ठोके मिनिटाला १२० झाले की पोटातले ३६० होतात. १८० च्या वेगाने ब्लास्ट वाजवला, ठोक्याला दोन, तरी ३६०. मारा तोच, फक्त ढोल तो तीन-तीनात मोजतो आणि ड्रम दोन-दोनात. दोन्ही एकत्र वाजले की डोकं कशाला धरून डोलवायचं ते कळेनासं होतं. ड्रमरला आधी घाम फुटला, मग त्याला वेड लागलं. संध्याकाळपर्यंत तो उठायला तयार नव्हता.

२५ मार्च २०२४, काठी

अक्कलकुव्याजवळच्या काठीची राजवाडी होळी. रात्रभर ढोल आणि नाच, पहाटे होळी पेटली. रेकॉर्डर गाडीतच ठेवला. ऐकायला आलो होतो.

इथले बुध्या बघून ड्रमरला कल्पना सुचली. अंगभर राख आणि पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. ब्लॅक मेटलवाले तोंडाला पांढरं-काळं फासतात, प्रेतासारखं दिसायला. त्याऐवजी आपण असं नटलो तर? फोटो जबरदस्त येतील, यात वाद नाही. पण बुध्या नवसाने होतात. त्याआधी दिवसच्या दिवस पाळणी असते, खाण्यापिण्याचे, झोपण्याचे नियम असतात. आम्ही स्टुडिओत अर्ध्या तासात तो वेष चढवायचा, हे मला पटेना. मास्तर तर ऐकूनच दुसरीकडे बघायला लागले. तोंडं धुतलेली ठेवायची असं ठरलं. कव्हरवर भेगाळलेली काळी जमीन, बस.

११ एप्रिल २०२४

मोठं गाणं याच तारखेला पूर्ण करायचं असा मास्तरांचा हट्ट. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. खाज्या नाईक त्याआधी इंग्रजांच्याच चाकरीत सेंधवा घाटाची राखण करायचे. १८५७ मध्ये ते उलटले, घाटातून जाणारा सरकारी खजिना लुटला, भिल्ल गोळा केले. अंबापाणीला बायकाही लढल्या. पकडलेल्यांना तिथेच गोळ्या घातल्या.

आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाला मेरठ होतं, झाशी होती. घरापासून दीडशे किलोमीटरवरचं अंबापाणी मी तिशीत ऐकलं.

मास्तरांनी लढाईचं वर्णन करायचं टाळलं. वीरश्री हवी असेल तर पोवाडा आहे, त्याला किंकाळी कशाला, असं ते म्हणतात. गाणं फक्त लढाईनंतरच्या दुपारचं. सुरुवात :

डोंगर जयस, पानी नही.
पानी मांगस, कोनी नही.

अहिराणीचा एक फायदा या गाण्यात दिसला. किंकाळीत स्वर फाटून जातात, व्यंजनं बुडतात, उरतो तो श्वासाचा घर्षणाचा आवाज. जयस (जळतो), मांगस, करस यातला शेवटचा स मात्र गिटारच्या भिंतीतून आरपार येतो. मराठीत हेच करून बघितलं होतं. ‘जळतो’मधला तो कुठे गेला ते सापडलं नाही.

बाकी गाण्याची रचना : थाळी चार मिनिटं एकटी. मग ढोल. मग सगळं. ढोल चढत जातो आणि पूर्ण वेगात आल्यावर गिटार थांबते, ढोल एकटाच पुढे जातो. शेवट अजून बसत नाही.

१० मे २०२४

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. बहीण माहेरी आलीय, गल्लीत लिंबाला झोका बांधलाय, संध्याकाळी बायकांची गाणी झाली. बहिणीच्या मते हीच गाणी अल्बममध्ये घ्यायला हवीत, पैसेही वाचतील. तिला अंबापाणीचा कच्चा ट्रॅक ऐकवला. दोन मिनिटांनी हेडफोन काढून तिने विचारलं, ‘‘दादा, मास्तरांना कोणी मारतंय का?’’

१९ मे २०२४, सावदा

मतदान १३ ला झालं, मास्तर निवडणुकीच्या ड्युटीतून सुटले, दोन दिवस झोपून काढले आणि आले. बाहेर पारा ४५ च्या आसपास. पंखा लावला तर माईकमध्ये येतो, बंद केला तर माणूस पडतो. गळ्याचं रेकॉर्डिंग कुठे करायचं हा प्रश्न मामांनी सोडवला.

मामांचं केळी पिकवण्याचं रायपनिंग चेंबर आहे. हिरवा माल आत लावतात, सोळा ते अठरा अंशांवर ठेवतात, हवेत ओल नव्वद टक्क्यांच्या वर, आणि इथिलीन सोडून घड एकसारखे पिकवतात. माल आत असताना कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे तिथे रेंगाळायचं नसतं. दोन लॉटच्या मधल्या दिवशी चेंबर रिकामं असतं. मामांनी दारं उघडून हवा खेळवली, पुन्हा थंड केलं, मग कॉम्प्रेसर बंद करून किल्ली माझ्या हातात दिली. ‘‘तासाभरात उरका, नाहीतर तापेल.’’

भिंतींचे पॅनल आतून फोमचे, त्यामुळे बाहेरचा ट्रॅक्टरसुद्धा ऐकू येत नाही. पण वरचा पत्रा गुळगुळीत. टाळी वाजवली की आवाज दोन भिंतींमध्ये फडफडतो. चारी बाजूंना गोधड्या टांगल्या, मागे रिकामे क्रेट रचले, फडफड गेली. आणि ओलसर थंड हवेत मास्तरांचा गळा असा काही उघडला की विचारू नका. मे महिन्यात खान्देशात किंकाळी फोडायची तर घसा पहिल्या कडव्यालाच कोरडा पडतो. इथे ते गात राहिले. तोंडातून वाफ येत होती. नॉर्वेचे फोटो आठवले आणि हसू आलं. आमच्याकडचं एकमेव थंड जंगल केळीच्या क्रेटचं.

मास्तर ओरडतात ते घशाने नव्हे. पोटातून श्वास दाबून वर आणतात, घसा शक्य तितका सैल ठेवतात, आणि मूळ आवाज फार मोठा नसतोच. माईक जवळ आणि कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज चेपून एका पातळीला आणणं) जास्त, म्हणून तो प्रचंड वाटतो. बाहेर उभ्या हमालाला काही ऐकू आलं नाही. त्याने विचारलं, रेकॉर्डिंग कधी सुरू करणार?

२८ मे २०२४, मामांचा मळा

या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. मळ्यातल्या खोलीजवळ डीपी आहे आणि लाईट आली की ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो. आतापर्यंत मी या घुमण्याला शिव्याच देत आलो. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या कॉइलमध्ये, तेच घुसतं.

काल रात्री मोजलं. वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणला जातो, म्हणून घूम निघते १०० हर्ट्झची. १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच, पण पस्तीस सेंट वर. हिशेब उलटा केला तर पांढरी सहा ४४० च्या ऐवजी ४४९ वर येते. सगळी गिटार ४४९ ला लावली आणि खोलीचं दार उघडं ठेवून वाजवली. हम निघून गेला नाही, षड्ज झाला. मग नेहमीचा हम मारणारा पिकअप काढून जुनी सिंगल कॉइल गिटार घेतली, जी हम मारत नाही आणि या खोलीत एरवी हातातही धरवत नाही.

हा सूर पूर्ण स्थिर नसतो. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात हलत राहते, म्हणजे पाचेक सेंटचा चढउतार. रात्री एक वाजता सगळ्यांच्या मोटारी चालू असताना सूर खाली बसतो, पहाटे वर सरकतो असं मला वाटलं, पण कानाचाही भरवसा नाही त्या वेळी. गाण्याला अजून नाव नव्हतं, आता ‘थ्री फेज’. यात थाळी नाही, पावरी नाही. मास्तरांनी विचारलं की मग यात लोकसंगीत कुठे आहे. मी म्हटलं, या जिल्ह्यात रात्री जागणारा प्रत्येक शेतकरी हा सूर ऐकत बसलेला असतो, बाऱ्यावर पाणी धरून. त्यांनी मान हलवली. पटलं की कंटाळले ते कळलं नाही.

अडीचला लाईट गेली. गाण्याचा शेवट तिथेच आहे, तो तसाच ठेवणार : घूम तुटते आणि गिटारचा खरा आवाज क्षणभर उघडा पडतो.

१२ जून २०२४

पाऊस. पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड केला. सगळेच करतात. पुसला.

७ जुलै २०२४, भुसावळ

यार्डाचं गाणं. रेल्वेच्या हद्दीत माईक घेऊन जाता येत नाही आणि जायचंही नाही. आमच्या गच्चीवरून पुरेसं ऐकू येतं. लहानपणापासून झोप लागते ती या आवाजावर. मालगाडी थांबते तेव्हा डब्याला डबा आपटतो आणि तो ठोका गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळत जातो, जवळून लांब. स्टिरिओत तो डावीकडून उजवीकडे जातो, काही करावं लागत नाही. जिथे ड्रमरने मोठी झांज मारली होती तिथे हा ठोका बसवला. झांजेपेक्षा तो काळा आहे.

वडिलांनी, म्हणजे निवृत्त गार्डाने, ऐकून सांगितलं की गाडी रिकामी आहे. भरलेले डबे असे वाजत नाहीत.

११ ऑगस्ट २०२४

कानबाईचा सण. काम बंद. रोट.

२७ ऑगस्ट २०२४, हतनूर

तापीवरच्या धरणाला ४१ दरवाजे. वरच्या बाजूला पाऊस झालाय, त्यातले काही उघडलेत. लांब काठावरून, वाऱ्याची केसाळ टोपी माईकवर चढवून रेकॉर्ड केलं. घरी संगणकावर त्याचा वारंवारतांचा पट बघितला आणि शेजारी माझ्या डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा पट ठेवला. दोन्ही सपाट, खालपासून वरपर्यंत भरलेले. फरक इतकाच की गिटारमध्ये मधेमधे सुराचे सुळके दिसतात.

वातावरण म्हणून सिंथेसायझरचे लांब सूर टाकायचे हा या प्रकारातला सोपा रस्ता. शेवटच्या गाण्यात मी ते टाकले होते, आज काढले. त्या जागी तापी. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं, नाहीतर बेसला जागाच उरत नव्हती, आणि गिटार सुरू होण्याआधी पाण्याची पातळी हळूहळू वाढवत नेली. गिटार नेमकी कुठे आली ते आता मलाही दाखवता येत नाही.

१५ सप्टेंबर २०२४, पिंपळनेरच्या पश्चिमेला

सगळं मिक्स घेऊन बाबांकडे गेलो. भात पोटरीला आलाय, त्यांना वेळ नव्हता, तरी बसले. छोटा स्पीकर ओट्यावर. पुतण्याने आपला गंधार ऐकला आणि खूश झाला. गिटारबद्दल त्याचं मत नव्हतं. मास्तरांच्या किंकाळीला बाबा दचकले नाहीत. अंगात आलेलं माणूस त्यांनी आमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

मग अंबापाणी लागलं. चार मिनिटं थाळी, आणि गिटार येते तिथे मी थाळी बंद केली होती. एवढ्या आवाजात ती ऐकू येणार नाही, उगाच मिक्स गढूळ होतं, हा हिशेब. बाबांनी हात वर केला. थाळी का थांबली? मी कारण सांगितलं. ते म्हणाले, कथा चालू असताना थाळी थांबत नसते. सांगणारा थांबेल, पाणी पिईल, ऐकणारा झोपेल. ऐकू येत नाही, याला त्यांच्या लेखी काही अर्थ नव्हता.

घरी येऊन थाळी पूर्ण तेरा मिनिटं चालू ठेवली, गिटारखाली. पातळी इतकी कमी की मीटर जेमतेम हलतं. आणि ज्या शेवटावर एप्रिलपासून अडकलो होतो तो सुटला: ढोल संपतो, तेव्हा खाली थाळी आधीपासून आहेच, नवीन काही आणावं लागत नाही. ड्रमरला फोनवर ऐकवलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘‘भो, माझी शेवटची झांज काढून टाक.’’

२९ सप्टेंबर २०२४

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात. सगळं चेपून मोठं करायचा मोह होता; या प्रकारातले बरेच अल्बम तसेच असतात. पण चेपलं की ती खालची थाळी गिटारच्या पातळीला येते आणि तिचं खाली असणं संपतं. सरासरी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) थोडं खालीच थांबलो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आवाज कमी वाटेल. वाढवून घ्यावा.

कव्हरवर सात नावं, एकाच आकारात, अक्षरांच्या क्रमाने. ब्लॅक मेटलचा लोगो काट्याकुट्यांचा, वाचता न येणारा असतो. आमचा ड्रमरच्या भाच्याने देवनागरीत काढलाय आणि ‘उन्हाया’ स्वच्छ वाचता येतं, यावर ड्रमर नाराज आहे. बाबा आणि पुतण्याला एक-एक कॉपी पेन ड्राइव्हवर, कारण त्यांच्याकडच्या स्पीकरला तोच लागतो. ढोलवाल्या भावांना मोबाईलवर पाठवलं, त्यांनी त्याच रात्री कुठल्याशा लग्नाच्या ग्रुपवर टाकलं.

गाण्यांचा क्रम अजून ठरत नाही. मला तापी शेवटी हवी, मास्तरांना अंबापाणी. ड्रमरचं म्हणणं, ‘थ्री फेज’ शेवटी ठेवा, लाईट गेल्यावर पुढे काय वाजवणार?